वाळूची बादली

खरं प्रेम माणसाला निर्भय करतं. प्रेमात पडलेला माणूस वादळापुढे छाती काढून उभा राहतो, आगीत उडी घेतो, साऱ्या जगाशी वैर पत्करतो. ही गोष्ट ज्या दोघांची आहे ती दोघंही मुळात भित्री होती आणि प्रेमात पडल्यावर जास्तच भित्री झाली. आधी ज्याला त्याला आपापल्या जिवाची काळजी होती. मग प्रत्येकाच्या डोक्याला दोन-दोन जिवांची झाली, एवढाच फरक.

ती इस्पितळात एक्स-रे काढायची. "श्वास घ्या… रोखून धरा…" असं म्हणत भिंतीआड जायची, बटण दाबायची आणि भिंतीआडूनच "सोडा" म्हणायची. दिवसभर तिच्यापुढे माणसं यायची ती मोडूनच. घसरलेली, आपटलेली, कशावर तरी धडकलेली. रस्त्याने जाताना इतरांना चेहरे दिसतात. तिला अजून न मोडलेली हाडं दिसायची.

तो आला तो सुजलेला अंगठा घेऊन. उजव्या हाताचा अंगठा जांभळा पडला होता आणि डाव्या हातात एक लाल बादली होती. बादलीत काठोकाठ वाळू.

"बादली बाहेर ठेवा," ती म्हणाली.

"आणि आत आग लागली तर?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. प्रश्न रास्त होता, हीच पंचाईत होती. खोलीत एकच दार, वर जुन्या वायरी… तिने पहिल्यांदाच छताकडे नीट पाहिलं.

"कोपऱ्यात ठेवा," ती हळूच म्हणाली.

त्याने हात टेबलावर ठेवला. ती भिंतीकडे निघाली तसा तो उठलाच.

"तुम्ही कुठे चाललात?"

"भिंतीमागे. किरण असतात."

"मग मलाही घ्या ना भिंतीमागे!"

"मग फोटो कुणाचा काढू? टेबलाचा?"

तो बसला. त्याची डावी भुवई अर्धीच होती. उरलेली अर्धी कुठेतरी राहून गेल्यासारखी. घाबरलेल्या माणसाच्या दोन्ही भुवया वर जातात. याची दीडच गेली. तिला हसू आलं आणि ते लपवायला ती भिंतीआड गेली.

फिल्म उजेडावर धरून ती बराच वेळ बघत राहिली. लांबसडक बोटं, एकेक सांधा रेखीव.

"सुंदर आहे," ती म्हणाली… आणि आपण काय बोललो ते तिच्याच कानांवर पडलं.

"मला असं कधी कुणी म्हणालं नाही."

"मी हाडाबद्दल बोलतेय."

"मीही हाडाबद्दलच," तो म्हणाला. "मोडलं नाही ना?"

प्रेमकथेत खरं तर इथे पाऊस सुरू व्हायला हवा. बाहेर रखरखीत ऊन होतं. बादली उचलून तो उन्हात निघून गेला.

घरी दोनच माणसं होती: ती आणि तिचे बाबा. तिसरी गाडी.

बाबा निवृत्त न्यायाधीश. गाडी बाबांच्या तरुणपणीची. त्यांनी आणि काकांनी मिळून घेतलेली, पुढून गोल, मागून गोल, मधे थोडीशी गाडी. बाबांनी तिला आयुष्यभर जपलं म्हणजे रंगवलं. कोर्टाला सुट्टी लागली की हातात कुंचला. हिरव्या रंगाचा एकच मोठा डबा होता आणि त्यातून बंपर, आरशाची दांडी, बिजागऱ्या, टाकीचं झाकण, सगळं रंगून निघालं होतं. एकदा बाबांचा चष्माही. तो अपघाताने.

गाडीचं एकच दुखणं होतं. ती सुरू व्हायची छान, थोडं अंतर जायची छान, आणि मग एकदम धापा टाकत, दोन-चार आचके देत बंद पडायची. जरा वेळ थांबलं की काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा सुरू.

मागच्या वर्षी ती अशीच बंद पडली, आणि पडली ती रेल्वेच्या फाटकात. नेमकी रुळांवर. घंटा वाजायला लागली, दांडे खाली यायला लागले. बाबा चावी फिरवत होते आणि गाडीतून एक कोरडा खोकला येत होता. शेवटी तिने खाली उतरून खांदा लावला. फाटकवाला धावत आला. गाडी रुळांवरून सरकली आणि मागून आगगाडी गेली. तिच्या वाऱ्याने बाबांची टोपी उडाली.

बाबा म्हणाले, "वेळेवर होती हो गाडी!"

तेव्हापासून कुठलंही इंजिन बंद झालं, साधा पंखा बंद झाला, तरी नंतरच्या शांततेत तिला घंटा ऐकू यायची.

त्या दिवसापासून गाडी शेडमध्ये होती आणि तिच्या मते तिथेच राहायला हवी होती. पण काकांचा फोन आला. काका डोंगरावर राहायचे, घाट चढून गेलं की पहिलंच घर. त्यांना ऐंशीवं वर्ष लागत होतं.

"वाढदिवसाला ये," काका म्हणाले. "आपली गाडी घेऊन ये. नसेल झेपत तर बसने ये, मी समजून घेईन."

शेवटचे तीन शब्द बाबांना झोंबले. त्यांनी फोन ठेवला आणि जाहीर केलं, "मी गाडीनेच जाणार. स्वतः चालवत. घाट चढून."

"बाबा, अहो, ते फाटक… तो घाट…"

"निकाल झालेला आहे."

"अपील?"

"अपिलाची तरतूद नाही."

ती आतल्या खोलीत जाऊन बसली. त्या गाडीला सीटचे पट्टे नव्हते. स्टेअरिंगचा दांडा सरळ माणसाच्या छातीवर रोखलेला. अशा दांड्याने बरगड्या कुठे मोडतात हे तिला पाठ होतं. किती फिल्मवर तिने ते पाहिलं होतं. आता प्रत्येक फिल्मवर तिला खालच्या कोपऱ्यात बाबांचं नाव दिसायला लागलं.

संध्याकाळी बाबांनी बोलावलेला मिस्त्री आला. कार्ब्युरेटरच्या कामात याचा हात धरणारा कुणी नाही, असं बाबांना सगळ्यांनी सांगितलं होतं. गावात त्याला 'बादली' म्हणतात, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. त्याच्या अंगठ्याला पट्टी होती.

"तुम्ही…?" ती म्हणाली.

"तुम्ही…!" तो म्हणाला, आणि दीड भुवई वर गेली.

त्याची कामाची पद्धत बघण्यासारखी होती. आधी बादली गाडीजवळ ठेवायची. मग सगळ्यांना शेडबाहेर काढायचं. मग मालकाला गाडीत बसवून चावी फिरवायला सांगायचं आणि आपण भिंतीआड उभं राहून इंजिनाचा आवाज ऐकायचा.

"मिस्त्री, गाडीत मी आणि भिंतीमागे तुम्ही? हा कुठला न्याय?" बाबांनी आतून विचारलं.

"साहेब, एकदा वाकून बघत होतो. कार्ब्युरेटरने उलटी शिंक दिली. जाळ बाहेर आला." त्याने भुवईकडे बोट केलं. "तेव्हापासून मी दुरूनच ऐकतो. आपण दुरुस्त केलेल्या गाडीत बसतही नाही."

"मग घरी कसे जाता?" तिने विचारलं.

"चालत. कडेकडेने."

तिला त्याचं हसू आलं नाही. मला भीती वाटते, असं चारचौघांत इतक्या सरळ सांगणारा पुरुष ती पहिल्यांदाच बघत होती. बाकीचे तर मोडका हात टेबलावर ठेवूनही 'काही दुखत नाही हो' म्हणायचे आणि मग घेरी येऊन पडायचे.

दोन-तीन संध्याकाळी त्याने कार्ब्युरेटर खोलून काढला. पितळेचे बारके, मधोमध भोक असलेले जेट पेट्रोलमध्ये भिजवले, त्यांत हवा मारली, एकेक उजेडावर धरून आरपार पाहिला. ती इस्पितळातून आली की कपबशी घेऊन शेडच्या दाराशी उभी राहायची. तिला त्या वस्तूची धास्ती होती आणि धास्तीच्या वस्तूची माहिती असावी, असं तिचं मत होतं. निदान ती स्वतःला असं सांगायची.

"नक्की काय करतं हे?" तिने विचारलं.

"भेट घालून देतं. हवेची आणि पेट्रोलची. हवा जास्त झाली तर गाडी खोकते. पेट्रोल जास्त झालं तर गुदमरते."

"आणि दोघांची अगदी बरोबर भेट झाली तर?"

"तर स्फोट होतो." त्याने जेटमधून तिच्याकडे पाहिलं. "पण आतल्या आत. बाहेरून कुणाला कळत नाही."

कपबशी वाजली. तिने ती दोन्ही हातांनी धरली.

सगळं पुन्हा जोडून झाल्यावर बाबांनी चावी फिरवली आणि गाडी सुरू झाली. मऊ, एकसारखी गुरगुरत राहिली. बाबा म्हणाले, "उद्या संध्याकाळी फाटकापर्यंत एक फेरी."

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा झोपले असताना ती शेडमध्ये गेली. आदल्या दिवशी त्याने तिला एक स्क्रू दाखवला होता, "हा पुरता आवळला की गाडी उभ्या उभ्या धापा टाकते." तिने पुरता आवळला. बाहेर येऊन हात साबणाने धुतले, मग पुन्हा धुतले.

संध्याकाळी गाडीने धापा टाकल्या. बादलीने भिंतीआडून कान टवकारले, पुढे आला, स्क्रू पाहिला. त्याच्या कपाळाला आठी पडली.

"काल बरोबर लावला होता…"

"मग पुढची तारीख," बाबा गंभीरपणे म्हणाले. त्या रात्री ते पोटभर जेवले आणि शीळ घालत झोपायला गेले. किती धीराने घेतात, तिच्या मनात आलं, आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

पण लाज वाटली तरी थांबली नाही. तिने विचारायचं, त्याने सांगायचं, आणि जे सांगितलं ते दुसऱ्या दिवशी बिघडायचं. "ही सुई अडकली की पेट्रोल सांडतं," तो म्हणाला, सुई अडकली. "चोकची तार सुटली तर थंड गाडी उठत नाही," तो म्हणाला, तार सुटली. मग एकदा त्याने मोठा जेट काढला तर आत कापसाचा बारीक पुंजका. पांढराशुभ्र, लांब धाग्याचा कापूस. शेडमध्ये असतो तसा कळकट बोळा नव्हे. तो कापूस त्याने अंगठ्यावरच्या पट्टीशेजारी धरून पाहिला. मग वर पाहिलं. ती बाहेरच्या गळक्या नळाकडे एकटक बघत होती, त्या नळाने जणू तिला अंतर दिलं होतं.

त्याने कापूस खिशात घातला.

"काय सापडलं?" बाबांनी विचारलं.

"कचरा, साहेब."

"पुढची तारीख!"

वाढदिवस जवळ आला तशी तिची झोप उडाली. बादली मात्र रोज हजर. आता तो जरा निराळ्याच पद्धतीने शिकवायला लागला होता. पेट्रोल सांडेल, आग लागेल असं काहीही तिच्यासमोर बोलायचा नाही. सांगायचा ते सगळं निरुपद्रवी. मग एका संध्याकाळी तो आवाज खाली आणून म्हणाला, "हा छोटा स्क्रू बघितलात? त्या पत्र्याच्या पट्टीजवळचा?"

"हो…"

"सगळ्यात नाजूक. हा कधी सैल करायचा नाही. केला तर गाडी गेलीच. मग मलाही जमणार नाही."

तिच्या डोळ्यांत एकदम उजेड पडला. तो त्याला दिसला आणि त्याचं काळीज हललं. फार छान डोळे होते ते. आता ते खोटं बोलणार होते.

दुसऱ्या संध्याकाळी बाबा गाडीत बसले. ती शेडच्या दाराशी शांत उभी होती, गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदाच. बाबांनी चावी फिरवली.

गाडी पहिल्या फटक्याला सुरू झाली.

तिच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. बादली भिंतीआडून बाहेर आला आणि त्याने बॉनेटखाली पाहिलं. कार्ब्युरेटरवर कंपनीच्या नावाची पत्र्याची छोटी पट्टी असते. एका स्क्रूने बसवलेली, निव्वळ शोभेची. ती एका अंगाने लोंबकळत होती.

"शाबास मिस्त्री!" बाबा ओरडले. त्यांचा आवाज जरा चिरकलाच. "परवा सकाळी… निघू. निकाल कायम."

बाबा आत गेले. ती दोघंच उरली. नळ ठिबकत होता.

"तो स्क्रू कसलाच नव्हता," तो म्हणाला.

"मला फसवलंत."

"मी? मी फसवलं?" त्याने खिशातून कापूस काढून तळहातावर ठेवला. "हा तुमच्या इस्पितळातला. ह्याच्यासारखाच माझ्या अंगठ्याला होता."

मग सगळं एकदमच बाहेर आलं. फाटक, घंटा, तो दांडा, बरगड्या. "त्यांना काही झालं ना… तर त्यांची फिल्म मलाच काढावी लागेल. मीच म्हणणार, श्वास घ्या. आणि त्यांनी नाही घेतला तर?"

त्याने कापूस परत खिशात घातला. "आधीच का नाही सांगितलंत?"

"तुम्ही का नाही सांगितलंत? कापूस सापडला त्याच दिवशी बाबांना सांगता आलं असतं."

"सांगितलं असतं तर बिघाड थांबला असता."

"मग?"

"मग… मी परत कशाला आलो असतो?"

तिने वर पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते. तिचेही झाले असावेत, पण या घडीला कानांकडे लक्ष देण्याइतकी ती मोकळी नव्हती.

"परवा तुम्ही बरोबर चला," ती म्हणाली.

"गाडीत?"

"गाडीत."

"बसून?"

"मीही बसणार आहे. मला काही ते आवडतंय?"

त्याने गाडीभोवती लांबूनच एक चक्कर मारली. मग म्हणाला, "बादली घेईन."

निघायच्या सकाळी बाबांनी कोट घातला होता. ती त्यांच्या शेजारी बसली, बादली मागे, मांडीवर बादली. फाटक आलं. उघडं होतं. रूळ उन्हात चकचकत होते. तिने डोळे मिटले. मागून पुटपुटल्याचा आवाज आला. चाकं रुळांवरून धडधडली… आणि पलीकडे.

"बघितलंत?" बाबा म्हणाले. त्यांच्या कानामागून घामाचा ओघळ चालला होता.

घाट सुरू झाला. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. कठड्याचे दगड कुठे होते, कुठे पडून गेले होते. खाली झाडांचे शेंडे दिसत होते. झाडांचे शेंडे वरून दिसणं तिला पटत नव्हतं. एक वळण, दुसरं वळण. गाडी गुरगुरत चढत होती आणि ती सीटची कड धरून मनातल्या मनात श्वास मोजत होती.

तेवढ्यात गाडीने आचका दिला.

"बाबा?"

अजून एक आचका. धाप. दोन खोकले. आणि मग ती शांतता, तिच्या ओळखीची. लांबून घंटा वाजल्यासारखं झालं. ती कानातच होती.

गाडी क्षणभर थांबली. आणि मागे सरकायला लागली.

"ब्रेक! बाबा, ब्रेक!"

"दाबलाय! पाय… पाय कापतोय पोरी, धरवत नाही…"

तिने हातब्रेक ओढला. तो दातांवर दात वाजवत निसटला. मागे वळण होतं. वळणाला कठडा नव्हता. मागचं दार उघडल्याचा आवाज आला. तिने मान वळवली तर मागची सीट रिकामी होती, आणि मागच्या काचेत तो दिसत होता. गाडीच्या मागे. उताराच्या बाजूला. दोन्ही हातांनी बादली उचलून वाकलेला.

ती किंचाळली. काय किंचाळली ते तिला आठवत नाही.

पत्रा कर्रकन चेपला. गाडी थरारली आणि उभी राहिली.

दार उघडून ती खाली आली तेव्हा तो चाकामागे मोठाले दगड लावत होता. बादली चाकाखाली पार सपाट झाली होती. वाळू रस्त्यावर सांडली होती.

"तुम्ही मागे उभे होतात!" तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. "मागे! गाडी मागे येत होती आणि तुम्ही मागे!"

"हो…" तो म्हणाला. त्याने चाकाकडे पाहिलं, दरीकडे पाहिलं. "हो की." आणि तो वाळूत बसला.

तीही त्याच्या शेजारी बसली. त्याचा पट्टीवाला हात तिने धरला, हाडं शाबूत आहेत का बघायला. बघून झालं तरी सोडला नाही.

"भीती नाही वाटली?"

"वाटली ना. फार वाटली." तो दम घेत होता. "तू आत होतीस."

ते 'तू' दोघांनीही ऐकलं. दुरुस्त कुणीच केलं नाही.

"परत असं केलंस ना," ती म्हणाली, "तर मी… मी तुझ्याशी…"

"बोलणार नाहीस?"

"लग्न करणार नाही."

"नाही केलं तर… करशील?"

ती उत्तर देणार तोच गाडीतून बाबांचा आवाज आला. बारीक, कोर्टात कधी न ऐकलेला.

"मला उतरवा कुणीतरी."

दोघांनी त्यांना उतरवून कातळाच्या बाजूला बसवलं. त्यांचा पाय अजून कापत होता. त्यांनी तो दोन्ही हातांनी दाबून धरला.

"मला भीती वाटते या गाडीची," बाबा म्हणाले. "फाटकापासून. ती सुरू नाही झाली की मला सुटल्यासारखं व्हायचं."

"मग सांगायचं ना, बाबा!"

"काय सांगणार? निकाल देऊन बसलो होतो." ते तिच्याकडे न बघता पुढे म्हणाले, "आणि तू दुपारी शेडमध्ये जायचीस. आयुष्यभर साक्षी ऐकल्यात मी. तुझ्या नखांतलं काळं मला दिसत नव्हतं? म्हटलं, चाललंय ते बरं चाललंय. परवा मेली सुरू झाली तेव्हा मला रडू येत होतं."

ती काही बोलणार इतक्यात बादलीने ओठांवर बोट ठेवलं. "श्श…"

गाडीच्या मागच्या अंगाने आवाज येत होता. टण्. थोड्या वेळाने पुन्हा, टण्. पत्रा आत ओढला जावा तसा. तो उठला. दुरून ऐकत राहिला, सवयीने. मग तिच्याकडे एकदा बघून जवळ गेला, पार जवळ, आणि टाकीला कान लावला. आयुष्यात पहिल्यांदा. आणि हळूच झाकण फिरवलं.

सुस्स्स्स… करून हवा आत शिरली. कुणीतरी फार वेळ रोखून धरलेला श्वास सुटावा तशी.

"सोडा," ती म्हणून गेली.

झाकण हातात घेऊन तो उजेडाकडे वळला. झाकण हिरवंगार होतं. "साहेब, हे कधी रंगवलंत?"

"दर सुट्टीत," बाबा म्हणाले. "चांगले दोन-दोन हात. का?"

"याला इथे एक बारीक भोक असतं. टाकीतलं पेट्रोल कमी होईल तशी त्यातून हवा आत जाते. हवाच गेली नाही तर टाकी पेट्रोल धरून ठेवते. जरा अंतर गेलं की गाडी उपाशी मरते. थांबलं की कुठून तरी थोडी हवा शिरते, मग पुन्हा चालते." तो थांबला. "मी एकदा जरी गाडीत बसून चक्कर मारली असती तर पहिल्याच दिवशी कळलं असतं."

"म्हणजे कार्ब्युरेटर…?"

"ठणठणीत होता. पहिल्यापासून."

"मग इतके दिवस तू काय दुरुस्त करत होतास?"

"तू बिघडवलेलं."

ती हसली. घाटात, दरीच्या काठावर, चेपलेल्या बादलीशेजारी. हसता हसता तिचे डोळे भरले. तिने केसांतली पिन काढून त्याच्यापुढे धरली. त्याने ती घ्यायच्या आधी तिची बोटं घेतली. जरा वेळच. बाबा समोरच्या डोंगराकडे बघत होते, फार बारकाईने.

"मी भित्रा आहे," तो हळूच म्हणाला. "झोपताना गॅस दोनदा बघतो."

"मी तीनदा बघते."

"जिना उतरताना कठडा धरतो."

"मी दोन्ही हातांनी धरते."

"मग… आपलं जमेल?"

"श्वास घे," ती म्हणाली. "रोखून धर." आणि या वेळी ती भिंतीआड गेली नाही. "जमेल. सोड."

पिनेने रंग खरवडून त्याने भोक मोकळं केलं. बाबांनी चावी त्याच्यापुढे धरली. त्याने ती तिच्यापुढे धरली. तिने बाबांकडे पाहिलं. चावी अशी बराच वेळ फिरत राहिली. शेवटी खालून बस आली. तिघांनीही एकदमच हात दाखवला.

काका दारात उभे होते. "बसने आलात?" ते म्हणाले. "बरं केलंत. मी समजू शकतो."

लग्न झालं. नवी बादली घेतली. गाडी घाटातून खाली आणली आणि आता ती कुठेही बंद पडत नाही. तिघंही बसने जातात.